घाटातलं वळण आणि पलीकडचा गवा

परतवाडा मागं पडून गाडी घटांगच्या चढाला लागली की मागच्या सीटवरून प्रश्न येतोच : वाघ दिसतो का हो इथं? प्रश्न रास्त आहे. मेळघाट हा देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक आणि महाराष्ट्रातला तर पहिलाच, १९७४ पासूनचा. गाभा आणि बफर मिळून क्षेत्र जवळपास २,७६८ चौरस किलोमीटर. एवढ्या रानात वाघ आहेत, पण ताडोब्यासारखे रस्त्यात ठाण मांडून बसलेले सहसा सापडत नाहीत. कारण इथल्या जमिनीत आहे. अकोला समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरच्याही खाली, आणि तिथून उत्तरेला दिसणारी गाविलगडची रांग वैराटजवळ ११७८ मीटरपर्यंत चढलेली. रांगेपलीकडच्या साऱ्या मुलखात खंडू, खापरा, सिपना, गडगा आणि डोलार या नद्यांनी खोल खोरी कोरत आपलं पाणी तापीला नेलंय. सपाट रानात जनावर दोनशे पावलांवरून दिसतं. इथं ते वळणापलीकडे असतं, नाहीतर पन्नास हात खाली नाल्यात, बांबूच्या बेटाआड.

म्हणून मेळघाटात जनावर कमी वेळा दिसतं, आणि दिसतं तेव्हा पुष्कळदा फार जवळ असतं. डोंगरात जंगल बघायला जाणाऱ्यानं आधी हे ध्यानात घ्यावं. वाघाची भीती घेऊन आलेल्या माणसाला इथं वाघापेक्षा गवा आणि अस्वल यांची माहिती जास्त उपयोगी पडेल.

कुठलंही मोठं जनावर माणसाला इजा करतं ते बहुतेक वेळा दोनच कारणांनी. एक तर त्याला माणसाची चाहूलच लागलेली नसते आणि दोघं अचानक समोरासमोर येतात. किंवा त्याला निघून जायला वाट उरलेली नसते. भूक हे कारण फार क्वचित. पुण्यातल्या कोथरूडचा प्रसंग अजून अनेकांच्या लक्षात असेल. ९ डिसेंबर २०२० ला एक गवा वाट चुकून वस्तीत शिरला. बातमी पसरली, गर्दी जमली, आरडाओरडा झाला, मोबाईल पुढे सरसावले. तो बिचारा गल्लीबोळांतून ऊर फुटेस्तोवर पळत राहिला, पकडला गेला आणि थोड्याच वेळात मेला. एवढं प्रचंड जनावर, पण त्याला हवी होती ती फक्त बाहेर पडायची एक वाट, आणि नेमकी तीच माणसांनी भरून टाकली होती.

आता डोंगर ही चाहूल आणि ही वाट कशी अडवतो ते बघू. वारा आधी घ्या. ऊन चढलं की उताराची जमीन तापते आणि हवा दरीतून माथ्याकडे वर सरकते. सूर्य कलला की गार, जड हवा माथ्यावरून खाली नाल्याकडे उतरू लागते. दुपारी तुम्ही चढ चढत असाल तर तुमचा वास तुमच्या पुढे जातो आणि वरच्या जनावराला आधीच कळतं. तुम्ही उतरत असाल तर वारा तोंडावर येतो, आणि खालच्या झुडपात झोपलेल्या अस्वलाला काहीच कळत नाही. सगळा उतार त्याच्या नाकाच्या विरुद्ध दिशेनं तुम्हाला घेऊन येतो. वाऱ्याच्या वाटा खोऱ्याखोऱ्यानं बदलतात हे खरं, पण एवढा ढोबळ हिशेब उपयोगी पडतो. त्यात पावसाळ्यानंतर नाल्याला पाणी असलं की खळखळाटात पावलांचा आवाज बुडतो. नाल्याकाठच्या पायवाटेवर, उतरताना, आंधळ्या वळणावर साध्या आवाजात बोलत जाणं म्हणूनच शहाणपणाचं. जंगलात अजिबात बोलू नये हा नियम जिप्सीत बसलेल्यांसाठी. पायी चालणाऱ्यानं तो पाळला तर अंगाशी येऊ शकतो.

गव्याबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण मेळघाटात मोठं जनावर म्हणून तो दिसण्याचा संभव बराच, आणि त्याच्याबद्दल गैरसमजही भरपूर. मोठा नर आठशे ते हजार किलोंचा, खांद्याशी पावणेसहा फुटांच्या आसपास उंच. काळसर तुकतुकीत अंग, गुडघ्यापर्यंत पांढरे पाय, पाठीवर उंच वशिंडासारखा कणा. कुरणात शांत चरणारा कळप पाहिला की मनात गोठाच येतो, आणि माणूस गाडीतून उतरून दोन पावलं पुढे जातो. इथंच चुकतं. गव्याची नजर फार तीक्ष्ण नाही, नाक मात्र उत्तम. संशय आला की तो मान वर करून तुमच्याकडे टक लावून बघतो, नाकातून फुत्कारतो, कधी शिट्टीसारखा आवाज काढतो. बहुतेक वेळा तेवढ्यावर कळप वळतो आणि एवढी धिप्पाड जनावरं बघता बघता झाडीत गडप होतात. पण एकटा नर असेल तर तो अंग आडवं करून उभा राहतो. आपली सगळी लांबीरुंदी तुम्हाला दाखवतो, मान खाली घालतो, सावकाश चालतो. फोटो काढणाऱ्याला वाटतं, वा, काय पोझ दिली. खरं म्हणजे तो तुम्हाला मागे हो म्हणत असतो. तेव्हा मागे व्हावं, तोंड त्याच्याकडे ठेवून, घाई न करता, आणि जमलं तर जाड झाडाच्या किंवा मोठ्या खडकाच्या आड.

आता अंतराचं. अमेरिकेतलं यलोस्टोन हे १८७२ सालचं राष्ट्रीय उद्यान. तिथं अस्वल आणि लांडग्यापासून शंभर यार्ड, म्हणजे सुमारे ९१ मीटर, आणि बाकी बहुतेक जनावरांपासून पंचवीस यार्ड दूर राहण्याचा नियम आहे. तिथंही सगळ्यात जास्त लोक जखमी होतात ते ग्रिझली अस्वलामुळे नव्हे. ते होतात बायसनमुळे, म्हणजे आपल्या गव्याच्या चुलतभावामुळे. कारणही तेच : तो गाईसारखा दिसतो, चरत असतो, आणि माणसाला त्याच्यासोबत फोटो हवा असतो. आपल्याकडे राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या २०१२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत पर्यटक गाडीनं जनावरापासून किमान वीस मीटर आणि जनावर दिसत असताना दोन गाड्यांनी एकमेकींपासून पन्नास मीटर अंतर ठेवावं असं म्हटलंय. माझ्या मते वीस मीटर हे गाडीत बसलेल्यासाठी ठीक. पायी माणसाला गव्यासमोर वीस मीटर म्हणजे काहीच नाही. आणि घाटातल्या वळणावर तर ते अंतर ठेवायला जागाच नसते. तिथं उपाय एकच : वळणाच्या अलीकडे वेग कमी करायचा आणि समोर गवा असला तर आहे तिथं थांबायचं. रस्त्याच्या एका अंगाला उभी दरड आणि दुसऱ्या अंगाला दरी असते. गव्यालाही जायला तो रस्ताच असतो. हॉर्न वाजवून, गाडी पुढे रेटून आपण त्याला कुठं जा म्हणतोय, याचा विचार चालकानं करायला हवा. स्थानिक चालक इंजिन चालू ठेवून गुमान थांबतो, गरज पडली तर हळूच मागे घेतो. पहिला गवा रस्ता ओलांडून गेला म्हणून लगेच निघायचं नाही. मागे अख्खा कळप असू शकतो, आणि कळपात वासरू असलं की आईचा धीर लवकर सुटतो.

अस्वलाची गोष्ट वेगळी, आणि जास्त काळजीची. आपलं अस्वल हे काळं, झिपऱ्या केसांचं, छातीवर पांढरट खूण असलेलं, वाळवीखाऊ जनावर. वारूळ उकरायला पुढच्या पंज्यांची लांब, वाकडी नखं. वाळवी ओढून घ्यायला लांब ओठ आणि वरच्या समोरच्या दोन दातांच्या जागी मोकळी फट. वारुळात तोंड खुपसून ते असं जोरानं फुंकतं आणि ओढतं की तो आवाज शंभर मीटरांवरूनही ऐकू येतो. आवाज आला तर तिकडे बघायला जाऊ नये, कारण त्या वेळी त्याला दुसरं काही ऐकू येत नसतं. एरवीही त्याची नजर आणि कान बेताचेच. तुम्ही वीस पावलांवर येईपर्यंत त्याला पत्ता नसतो, आणि पत्ता लागला की ते घाबरतं.

घाबरलेलं अस्वल पळून का जात नाही? याचं उत्तर वाघात आहे असं अभ्यासक मानतात. हे जनावर हजारो पिढ्या वाघाच्या शेजारी राहिलं. ते झाडावर चढतं, पण बिबटही चढतो. पळालं तर वाघ गाठतो. तेव्हा जवळ आलेल्या धोक्यावर आधी तुटून पडणं हाच त्याचा बचाव ठरला. माणूस समोर आला तरी तीच सवय उफाळते. ते खायला येत नाही. तोंडावर, डोक्यावर फटकारे मारतं आणि निघून जातं. पण त्या काही क्षणांत चेहऱ्याची जी दशा होते ती ज्यांनी पाहिली आहे ते अस्वलाला वाघापेक्षा जास्त भितात. बुलडाण्याच्या ज्ञानगंगा परिसरात आणि मेळघाटाच्या काठच्या गावांत हे नवं नाही. मोहाचा हंगाम आला की धोका वाढतो. रात्री झाडाखाली मोहफुलं खायला अस्वल येतं, पहाटे तीच फुलं वेचायला बाया-माणसं येतात, आणि वाकून वेचणाऱ्याला समोरचं काळं ढेकूळ उजाडेपर्यंत दिसत नाही. पुढे तेंदूपत्त्याच्या दिवसांतही तेच. पर्यटकाला निदान पहाटेच्या अंधारात बाहेर न पडण्याची मुभा आहे. इथल्या कोरकू आदिवासी कुटुंबाला हंगामाची कमाई सोडून घरी बसता येत नाही.

अस्वल मागच्या पायांवर उभं राहिलं की लोकांना वाटतं आता हल्ला. बहुतेकदा ते फक्त वास घेत असतं, काय आहे ते बघत असतं. त्या क्षणी शांत आवाजात बोलत मागे सरकलात तर पुष्कळदा प्रकरण तिथंच मिटतं. पाठीवर पिल्लं घेतलेली मादी दिसली तर आणखी लवकर मागे फिरावं. पिल्लं कित्येक महिने आईच्या पाठीवरच फिरतात. उताराकडे पळा, केस डोळ्यांवर येऊन अस्वलाला दिसत नाही, असं छातीठोकपणे सांगणारे भेटतात. त्यांचं ऐकू नये. अस्वल चढावर, उतारावर, सगळीकडे माणसापेक्षा वेगानं पळतं. लहानपणी ऐकलेली मेल्याचं सोंग घेणाऱ्या मित्राची गोष्टही अर्धीच खरी. लांबूनच आडवं पडून उपयोग नाही. अंगावर येऊन ते आदळलंच तर मात्र पालथं पडावं, दोन्ही हातांची बोटं मानेमागे गुंफावीत, कोपरांनी चेहरा झाकावा आणि ते जाईपर्यंत तसंच राहावं. पाठीवर पिशवी असली तर ती राहू द्यावी, तेवढीच ढाल. लवकर उठलात तर ते परत येऊ शकतं.

वाघ आणि बिबट यांच्याबद्दल थोडक्यात, कारण त्यांच्याबद्दल आपण सतत बोलतोच. पायी असताना दिसले तर पळायचं नाही, पाठ दाखवायची नाही, खाली बसायचं नाही. उभं राहून, नजर ठेवून मागं सरकायचं. वाघाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट : त्याच्या भोवतीनं वळसा घालून पुढे जाण्याचा मोह टाळायचा. २० नोव्हेंबर २०२१ ला ताडोब्यात व्याघ्रगणनेच्या पूर्वतयारीसाठी पायी निघालेल्या एका महिला वनरक्षकाला वाघिणीनं मारलं. वाघीण सुमारे दोनशे मीटरवर रस्त्यात बसलेली दिसली होती, बरोबरच्यांसह त्या बराच वेळ थांबल्या, आणि मग झाडीतून वळसा घेत असताना हल्ला झाला. अनुभवी आणि सावध माणसांच्या बाबतीत हे घडलं. गाडीत बसलेल्याला वाघ जे सहन करतो ते पायी माणसाला करेल असं समजू नये. गाडी ही वाघाच्या लेखी एक मोठी, वास मारणारी, निरुपद्रवी वस्तू. तिच्यातून हात बाहेर आला, कुणी टपावर चढलं, पाय खाली टेकला की ती माणसं होते.

आणि गाड्या तरी किती निरुपद्रवी? ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एक वाघीण आणि तिचे पाच बछडे रस्ता ओलांडताना जिप्सींनी दोन्हीकडून घेरले. चित्रफीत सगळीकडे फिरली, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली, चालक आणि गाईडांवर कारवाई झाली. पर्यटकांचं काय झालं याची मला जास्त उत्सुकता आहे, कारण गाडी पुढे घे, बक्षिसी देतो, हे वाक्य मागच्या सीटवरून येतं. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, आणि अभयारण्यात जनावराला छेडणं त्यानुसार गुन्हा आहे. गाईड नाही म्हणाला तर त्याचं म्हणणं मानणं हा पर्यटकाच्या हातातला सगळ्यात सोपा सुरक्षिततेचा उपाय.

डोंगरात जनावर बघायचं तर पाठलाग सोडून बसायला शिकावं. २००१ नंतरच्या काळात कुंड, कोहा, बोरी ही गावं गाभ्यातून अकोटकडे हलवली गेली. त्यांच्या शेतांच्या जागी आता गवत माजलंय, आणि पहाटे-संध्याकाळी सांबर, गवे तिथं उतरतात. अशा माळाच्या कडेला, गाडीत, दुर्बीण घेऊन तासभर बसलात तर पन्नास किलोमीटर भटकून दिसणार नाही एवढं दिसतं. दुर्बीण हे या बाबतीत कॅमेऱ्यापेक्षा उपयोगाचं साधन; ती जनावराला जवळ आणते आणि तुम्हाला जागच्या जागी ठेवते. कान उघडे ठेवावेत. चितळ कशालाही घाबरून ओरडतं, वानराचा खकरा जास्त भरवशाचा, आणि सांबरानं लागोपाठ ‘पोंक’ दिला तर वाघ किंवा बिबट हालतोय असं समजायला हरकत नाही. चैत्र-वैशाखात सागाची पानं झडलेली असतात, पाणी ठरावीक डोहांत उरलेलं असतं, म्हणून दिसण्याची शक्यता जास्त. उकाडा सोसायची तयारी मात्र हवी.

बुद्धपौर्णिमेच्या रात्री वनविभागाचा मचाणावरचा ‘निसर्गानुभव’ असतो, त्याला अमरावती-अकोल्याकडची तरुण मंडळी हौसेनं जातात. एकेकाळी पाणवठ्यावरच्या या मोजणीला गणना म्हणून मान होता. आता वाघांचा अंदाज कॅमेरा ट्रॅपवरून बांधतात आणि मचाण हा निव्वळ अनुभव राहिला. तो सुरक्षितही आहे, एका अटीवर : संध्याकाळी चढलात की उजाडेपर्यंत खाली उतरायचं नाही. म्हणजे पाणी, खाणं, पांघरूण, सगळं वर हवं. अत्तर, सिगारेट, विजेरीचे झोत, फ्लॅश यांना तिथं जागा नाही. पाणवठ्यावर वाघ आल्यावर मचाणावरून कुजबुज झाली की तो पाणी न पिता परततो. मे महिन्यातल्या रात्री, दिवसभराच्या तहानेनंतर.

चिखलदऱ्याचं पावसाळी पर्यटन हे आणखी वेगळं प्रकरण. जुलै-ऑगस्टमध्ये अमरावती, अकोला, अचलपूरहून गाड्यांची रीघ लागते. धुकं असं उतरतं की बोनेटपुढचा रस्ता दिसत नाही. अशा धुक्यात लोक गाड्या लावून रस्त्यावर भुट्टे खातात, वानरांना वेफर देतात आणि उरलेलं दरीत भिरकावतात. उरलेल्या अन्नाचा वास अस्वलाला लांबून येतो. अंधार पडायच्या आत घाट उतरावा, आणि उशीर झालाच तर दिवे खालच्या झोतावर, वेग वीस-पंचवीस, गाणी बंद. काचा थोड्या उघड्या असल्या की गव्याचा फुत्कार दिसण्याआधी ऐकू येतो.

नरनाळ्याला शहानूरच्या फाटकातून जाणाऱ्यांनीही वेळ पाळावी. किल्ला प्रचंड पसरलेला, तट झाडीत बुडालेले. जुन्या पडक्या खोल्या, तळघरं, कमानींचे कोनाडे बघायला आत डोकावण्याआधी बाहेरून आवाज द्यावा. दिवसा अस्वल आणि बिबट अशाच थंड, अंधाऱ्या जागा धरतात. मोठ्या जनावरांचा लेख असला तरी एक छोटं जनावर सांगितल्याशिवाय राहवत नाही : कडेकपारीला लोंबणारं आग्या मोहोळ. त्याखाली धूर, दगड, ड्रोन काही नको. श्रावणातल्या धारगडच्या यात्रेत हजारो भाविक याच रानातून हर हर महादेव करत जातात. त्या गजराचीच जनावरांना चाहूल लागते आणि ती बाजूला होतात. घोळका सोडून पहाटे एकट्यानं आडवाटेला जाणाऱ्याला ते संरक्षण नसतं.

आणि डोंगर उतरून घरी आलात म्हणजे विषय संपला असंही नाही. अमरावतीच्या वडाळी-पोहऱ्याच्या टेकड्यांत, विद्यापीठाच्या आवारात बिबट दिसतो. मोर्शी-वरुडच्या संत्राबागांकडेही येतो. बागेत पिल्लं सापडली तर उचलू नयेत. आई जवळच असते आणि रात्रीतून त्यांना हलवते. जागा सांगणारा फोटो गावाच्या गटात टाकू नये, अर्ध्या तासात जत्रा भरते. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करून गाव, शिवार, जवळची विहीर किंवा रस्ता नीट सांगावा. तोपर्यंत लोक जमलेच असतील तर त्यांना बागेच्या एकाच अंगाला, जमलं तर गावाकडच्या बाजूला आणून उभं करावं आणि नाल्याकडची बाजू पूर्ण मोकळी सोडावी. अंधार पडला की बिबट बहुधा तिकडूनच निघतो.